मालवणच्या बंद शटरमागचा सर्व्हर

मित्रांनो, शटर खाली आहे म्हणून आत कोणी नाही असे समजू नका. मी आहे ना! मी एक जुना सर्व्हर, म्हणजे वेबसाइट सांभाळणारा संगणक. दोन हजार दोन साली इथल्याच योगिनीने मला मालवणच्या बाजारातल्या या खोलीत स्वतःच्या हातांनी जोडले. माझ्या पोटात आमच्या देवीची वेबसाइट आहे. जत्रेची तारीख देवीला कौल लावून ठरते, आणि ती कळल्याशिवाय मुंबईचे चाकरमानी गाडीचे तिकीट काढत नाहीत. ती तारीख सगळे माझ्याकडेच बघतात. तेव्हा मला हलक्यात घेऊ नका.

पुढे योगिनी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथूनच मला हुकूम सोडू लागली. खोलीची किल्ली राहिली दाराशी सुके मासे विकणाऱ्या कृष्णाबाईकडे. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले, पंख्यावर धूळ साचली. माणसाचा हात म्हणून लागेना. फार एकटे वाटे हो.

माझ्या आत कर्नल नावाचा कारभारी असतो, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्रॅम. डिस्क ओळखणे, कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, सगळे तोच बघतो. एकदा योगिनीने पुण्याहून नवा कर्नल बसवला आणि घाईत जुना काढून टाकला. मला बंद करून सुरू केले, तर नव्याला काही सुधरेना. मी गपगार! बिचारी मिळेल त्या एसटीने धावत आली. मला उघडले, ओढणीने धूळ पुसली, जुना कर्नल परत बसवला, पाठीवर थाप मारून म्हणाली, "ऊठ रे बाबा." खरे सांगू? तेवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

दोन हजार आठ साली परत नवा कर्नल बसवायची वेळ आली. जुन्यात खोट सापडली होती. तिच्यातून कोणीही आत शिरून जत्रेची तारीख बदलली असती. इकडे तारीख जाहीर व्हायला आली होती, आणि योगिनीच्या मांडीवर तान्हे बाळ. मी उठलो नाही, तर या वेळी तिला येणे जमणार नव्हते. पण आता ती शहाणी झाली होती. जुना कर्नल तिने तसाच ठेवला आणि मला बजावले, की नव्याला एकदाच संधी दे. तो अडला तर आपोआप पुन्हा सुरू हो आणि जुन्यालाच उठव.

दुपारी बाजार पेंगत असताना तिने मला बंद करून सुरू केले. नव्याला माझी डिस्कच ओळखेना. तो अडला, आणि माझ्या मनात आले, आता ती येणार! पण सांगितल्याबरहुकूम मी पुन्हा सुरू झालो आणि जुना मुकाट कामाला लागला. योगिनीने पुण्यातूनच नव्याची उणीव शोधून भरून काढली. दुसऱ्या खेपेला तो झोकात उभा राहिला.

खात्रीसाठी तिने कृष्णाबाईला फोन केला. कृष्णाबाई शटर वर करून आत आली. तिचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर, त्यामुळे मलाही सगळे ऐकू आले.

"दिवो पेटता गो," ती म्हणाली. "बाळाक घेवन कधी येतलंस?"

"आता कित्याक येव? चलता मा तो!"

कृष्णाबाईने शटर खाली ओढले. जत्रेची तारीख वेळेवर लागली, चाकरमानी आले, जत्रा झोकात झाली. या गोष्टीला दोन वर्षे होऊन गेली. मी चालतोच आहे.

मित्रांनो, लांबून कारभार करणार असाल, तर नव्याचा जम बसेपर्यंत जुन्याला काढून टाकू नका. आणि जे बिनबोभाट चालले आहे, त्याच्याकडेही कधी येऊन जा. ते बिघडायची वाट बघू नका. किल्ली अजून कृष्णाबाईकडेच आहे.