मास्तरांना कोण सांगणार

आमच्या उबेदा गावात गिटारचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. दर महिन्याचा शेवटचा शनिवार, जुन्या मठातली थंडगार खोली आणि दाराशी मी. गॅसची शेगडी घुरघुरते, म्हणून वाजवणारा येण्याआधी ती बंद करायची. मग लोक कोट घालून बसतात आणि दोन रचनांच्या मधे मनसोक्त खोकून घेतात. आता मला नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखता येतो.

वाजवणारे माझ्याच घरी उतरतात. खाली माझं बटणं-दोऱ्याचं दुकान, वर घर, आणि घरात एक खोली रिकामी आहे, एवढा गुन्हा मला पुरला. यंदा ऑक्टोबरात उरुग्वेचा नेस्तोर आला. त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या बैठकीत एकाच ओळीचा रियाज केला. शेवटी माझा नवरा ब्लास म्हणाला, "रेमे, विचार की त्याला, पुढची ओळ येत नाही का?" नोव्हेंबरात पोलंडची यागोदा आली. कार्यक्रमाच्या दिवशीच तिच्या उजव्या हाताचं नख माझ्या दाराच्या कडीत अडकून तुटलं. या लोकांचा सगळा जीव त्या नखांत असतो, तार नखानंच छेडायची ना. ती स्वयंपाकघरात बसून रडत राहिली आणि मी टेबल-टेनिसचा चेंडू कापून त्याचा तुकडा तिच्या बोटाला चिकटवून दिला. हे काम आता मी झोपेतही करीन. फेब्रुवारीत जोडीनं वाजवणारे नवराबायको आले. जेवताना एकमेकांकडे मीठसुद्धा माझ्यामार्फत मागत होते. रात्री म्हणे त्यांनी स्वर्ग खाली उतरवला. मी तेव्हा दाराशी उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या मसुरीच्या आमटीचा विचार करत होते.

आणि मे महिना मास्तरांचा. हासिंतो मास्तरांनी या गावातल्या किती पोरांना गिटार मांडीवर धरायला शिकवलं याची गणती नाही. त्यातली एक मी. हंगामाचा शेवट त्यांच्या वादनानं व्हायचा, हा आमच्या गावच्या गिटार मंडळाचा पहिल्यापासूनचा रिवाज.

पण मास्तरांच्या उजव्या हाताचं अनामिकेचं बोट आता त्यांचं ऐकत नाही. वाजवता वाजवता ते आत वळतं आणि तळहाताला चिकटून बसतं. गेल्या मे महिन्यात तर मास्तर एका रचनेची मधली दोन पानं गाळून थेट शेवटाला आले. आम्ही सगळे उभे राहिलो आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीही असंच, आणि त्याच्याही आदल्या.

मार्चमध्ये आमचा अध्यक्ष कासिमिरो दुकानात आला. हा निवृत्त दाताचा डॉक्टर. जन्मभर लोकांचे दात उपटले, पण खरं बोलायची वेळ आली की याचीच दातखीळ बसते.

"यंदा मास्तरांनी वाजवू नये, असं सगळ्यांचं मत आहे," तो बटणांच्या डब्याकडे बघत म्हणाला.

"मग सांग की त्यांना."

"मी? छे गं. तू सांग. तुझा शब्द ते मोडायचे नाहीत."

"का, तुझ्या तोंडाला काय झालं?"

"तुला जमतं असलं बोलायला, रेमे."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटली की आमच्या मंडळातल्या सगळ्या पुरुषांचे उंदीर होतात. मी हो म्हटलं आणि नंतर रोज टाळत राहिले. चर्चच्या पवित्र आठवड्यात, मिरवणुका चालू असताना असं काही कसं सांगायचं? मग त्यांना सर्दी झाली. आजारी माणसाला कसं सांगायचं? खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्यांची बायको गेली, मुलगा बार्सेलोनाला, तो नाताळात फोन करतो. त्या माणसाजवळ गिटारशिवाय काही नाही. तीच काढून घेतली तर मास्तर महिनाभरही टिकणार नाहीत, असं माझं मन सांगत होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवणं उरकल्यावर गेले एकदाची. बरोबर घरचे गोड पाव घेतले. वाईट बातमी रिकाम्या हातानं न्यायची नसते.

मास्तरांनी कॉफी केली. मी गावातलं सगळं बोलून घेतलं. ऑलिव्हचं पीक, त्यांच्या जिन्यातला गेलेला दिवा, माझ्या गुडघ्याचं दुखणं. ते ऐकत होते.

"रेमे," शेवटी ते म्हणाले, "तू कधीपासून इतकी गोड बोलायला लागलीस? काय आहे ते ओक."

मी कप खाली ठेवला. "मास्तर, यंदा मे महिन्यात तुम्ही वाजवू नये, असं आम्हाला वाटतं."

मग त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मी घाबरून अर्धी उठलेच.

"बस, बस. मरत नाही मी," ते म्हणाले. "तीन वर्षं लागली तुम्हाला?"

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी वाटलं, यांच्या लक्षात आलं नसेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, मी काय सगळ्या बहिऱ्यांना शिकवलं की काय? आणि गेल्या वर्षी मी दोन पानं गाळली, तरी तुम्ही उभे राहिलात. लोक उभे राहिले की पुढच्या वर्षी यावंच लागतं, पोरी. अख्खा हिवाळा गरम पाण्यात हात बुडवून बसायचो मी. कशासाठी? तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मला झोप हवी आहे," मास्तर म्हणाले.

आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता मला रडू येईल की काय असं झालं. मास्तर उठले, खणातून नखं कापायचं कटर काढलं आणि माझ्यासमोर बसून उजव्या हाताची नखं एकेक करून कापून टाकली. साठ वर्षं जपलेली नखं. ती त्यांनी बशीत झटकली आणि बोटांची उघडी टोकं अंगठ्यानं चाचपून पाहिली.

"झालं," ते म्हणाले. "आता तुझं."

"माझं काय?"

"यंदाच्या हंगामात तू काय ऐकलंस?"

"सगळं. मीच तर असते तिथं."

"असतेस. ऐकलंस काय? त्या उरुग्वेच्या पोरानं शेवटी काय वाजवलं?"

मला आठवेना. मला त्याचे मोजेसुद्धा आठवत होते, भोक पडलेले, मीच शिवून दिलेले.

"पोलंडच्या मुलीची ओळख करून देताना तू तिला गेल्या वर्षीच्या बाईचं नाव लावलंस," मास्तर म्हणाले. "आणि त्या नवराबायकोच्या वेळी दाराला टेकून डुलक्या घेत होतीस. दमलीस तू. सोड आता."

"सोडू? मग करणार कोण?"

"करतील कुणीतरी."

"कुणी करत नाही, मास्तर! स्टेशनवर जायला कुणी येतं का? चादरी कोण धुतं? दुसऱ्या दिवशी त्या मठाची फरशी कोण पुसतं?"

"मग बंद पडू दे."

"बंद पडू दे?" माझा आवाज चढला. "इतकी वर्षं मी हाडाची काडं केली आणि तुम्ही म्हणता बंद पडू दे? तुमच्यामुळे तर मी यात पडले. मला काय म्हातारी समजता? मला काही होत नाही, मी अजून दहा वर्षं करीन."

मास्तर शांतपणे गोड पाव कॉफीत बुडवत होते.

"बघ," ते म्हणाले, "म्हणूनच तुला कुणी सांगत नव्हतं."

"कुणी म्हणजे?"

त्यांनी पाव तोंडात टाकला, सावकाश चावला. "कासिमिरो आला होता गुरुवारी. म्हणाला, रेमेला सांगायची आमची हिंमत नाही, तुम्हीच सांगा."

मी तोंडावर आपटल्यासारखी झाले. म्हणजे ते सगळे जमले होते, माझ्या पाठीमागे, आणि हळू आवाजात माझ्याबद्दल बोलले होते, जसे आम्ही मास्तरांबद्दल बोलत होतो. माझ्या डुलक्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी दर कार्यक्रमाच्या शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "रेमे, तू नसतीस तर काय झालं असतं," आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

मास्तर कप उचलून आत गेले. नळ सुरू झाला. ते भांडी घासत काहीतरी गुणगुणत होते आणि मला तिथून उठावंसं वाटेना. माझे पाय दुखत होते, पाठ दुखत होती, कधीपासून कोण जाणे. कुणीतरी मला थांब म्हणावं याची मी किती वर्षं वाट पाहत होते, ते मला त्या खुर्चीत कळलं. कासिमिरोला मात्र मी जन्मात माफ करणार नाही.