काठावरचं ऊन

आष्टीजवळच्या एका शाळेत तृप्ती मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, मराठी शिकवायच्या, आणि आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मुख्याध्यापक रामकिसन सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. कालच त्यांनी बजावलं होतं, "कवितेचा अर्थ गाईडमधून लिहून द्या अन् मोकळ्या व्हा. न्हाई तर हा वर्ग दुसऱ्याला."

मॅडमही हट्टी बाई! त्यांनी सगळ्यांची गाईडं दप्तरात टाकायला लावली. मग पोरं बाकावर डोकं टेकून, डोळे मिटून पडली. कविता पहिल्यांदा अशीच ऐकायची, ही या वर्गाची रीत. मॅडमनी सावकाश वाचलं:

दुपार उतरली विहिरीत
ऊन काठावर ठेवून,
गार पाण्याशी बोलत
बसली वेळ विसरून.

पुन्हा वाचलं. पंख्याची कुरकुर लांब गेली, वर्गात हिरवट सावली पसरली, आणि आपले पाय घोट्यापर्यंत पाण्यात आहेत असं मॅडमना अगदी खरंखुरं वाटलं. तिथून वर यावंसंच वाटेना.

"आता अर्थ आपल्या शब्दांत सांगा," त्या भानावर येत म्हणाल्या. "आणि जे दिसलं, ते ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं लिहा."

कल्याण ताडकन उठला. "कवीने निसर्गसौंदर्याचे मनोहारी वर्णन केले आहे."

घ्या! गाईड दप्तरात गेलं तरी पोराच्या तोंडात होतंच की. मागे सर गालात हसले.

"अरे बाबा, तुला काय दिसलं ते सांग."

कल्याणनं डोकं खाजवलं. "दुपार म्हंजी बाई हाय, मॅडम. घरचं काम टाकून आली अन् पाण्यासंगं गप्पा हाणून राह्यली."

वर्ग खदखदला. आयेशा तेवढी खाली मान घालून लिहीत होती. सर उठून तिच्यापाशी गेले आणि पुस्तकावर वाकले. समासात बारीक अक्षरात होतं: 'ऊन काठावरच राहिलं. कोणी उचलून नेलं तर ही घरी काय घेऊन जाईल?'

सर तिथंच उभे राहिले. घंटा झाली, पोरं पांगली, तरी ते उभेच.

शेवटी दाराशी जाऊन सर वळले. "मॅडम, नेलं का वो कुणी ते ऊन?"

"मलाही माहीत नाही, सर."

"मंग उद्या पोरांना बराबर विचारून घ्या," सर म्हणाले. "मी बी येतो."