ओहोळावरची जाळी

"फाटक उघडं राहिलं, दुसरं काय," बाईचा दीर म्हणाला. "हिलाच विचारा."

कुंपण घालून देणारा तारवाला शेडकडे बघत होता. शेडच्या भिंतीलगत अकरा मेंढ्या ओळीने आडव्या ठेवल्या होत्या. वर टाकलेली ताडपत्री तोकडी पडली होती आणि शेवटच्या दोघींचे पाय बाहेर आले होते. पहाटे मोकाट कुत्र्यांची टोळी आत शिरली होती. खाल्लं जेमतेम एकीला, बाकीच्या नुसत्याच फाडल्या होत्या.

"मी कडी लावली होती," बाई म्हणाली. नवरा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, कळप ती एकटी सांभाळत होती. "लावली होती बहुतेक. सकाळपासून तेच आठवत बसलेय, दादा. आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

"ऐकलंत ना? बहुतेक म्हणते," दीर म्हणाला. "म्हणून सांगतोय, उरलेल्या विकून टाक. तुझ्याच्यानं हे निभायचं नाही."

बाईने मान खाली घातली. एरवी ती त्याचं ऐकून घेणारी नव्हती.

"मी कुंपण बघून येतो," तारवाला म्हणाला आणि खांबांच्या रांगेने चालू लागला. खरं तर बघायची गरज नव्हती. सकाळी तिचा फोन आला तेव्हाच कुत्री कुठून शिरली ते त्याला कळलं होतं.

हे कुंपण त्यानेच सुचवलं होतं. दिराला काटेरी तार हवी होती. तारवाल्याने दोघांना बसवून समजावलं होतं, "मेंढीला काटा टोचत नाही, तिला लोकर असते. ती तारेत अडकते मात्र, आणि सुटायच्या धडपडीत स्वतःला फाडून घेते. जाळी घ्या. खाली बारीक घरांची, वीतभर जमिनीत पुरलेली. कुत्रं उडी नंतर मारतं, आधी खालून उकरतं." बाईने दिराचा शब्द मोडून त्याचं ऐकलं होतं. तीस वर्षांच्या सवयीने त्याने प्रत्येक खांब ओळंब्यात बसवला, कोपऱ्यांना तिरके टेकू दिले, जाळी ताणली. शेवटच्या दिवशी राहिला फक्त ओहोळ. तिथे जमीन खचलेली, कुंपणाखाली हातभर पोकळी. तिथे जाळीचा वेगळा तुकडा सोडून, तो खुंट्यांनी ठोकून वर दगड रचायचे होते. पण दुपारपासून त्याचा गुडघा ठणकत होता. त्याने तीन काटेरी तारा आडव्या ओढल्या, सोमवारी येऊन पुरं करू असं मनाशी म्हटलं, आणि बाईला सांगितलं, "झालं काम."

सोमवारी दुसरीकडचं काम निघालं. मग चार महिने गेले. या रस्त्याने जाताना त्याला ओहोळ आठवायचा, आणि तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

आता खालच्या तारेच्या काट्यांवर तांबूस केसांचे पुंजके अडकले होते. खालची माती उकरलेली होती. घरातलं कुणी इथवर आलंच नव्हतं; सगळे फाटकालाच दोष देत बसले होते. केस उपटायचे, पायाने माती सारायची, मिनिटाचं काम. त्याने वाकून हात पुढे केला. मग केसांना हात न लावता परत आला.

"ताई, दोष फाटकाचा नाही," तो म्हणाला. "कुत्री ओहोळातून आली. तिथली जाळी मी लावलीच नाही. तीन तारा ओढल्या आणि निघून गेलो."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. "विसरलात?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. अंगचोरपणा केला. नंतर नुसती चालढकल."

दीर ताडकन उठला. तोंडाला येईल ते बोलला, तारवाल्याच्या पांढऱ्या केसांचीही भीड ठेवली नाही. "यापुढे या रानात पाय ठेवायचा नाही," तो शेवटी म्हणाला. "चालते व्हा."

बाई ताडपत्रीकडे बघत होती. "ती कडेची गाभण होती," ती हळूच म्हणाली. मग दिराला म्हणाली, "आधी ते बुजवून जाऊ दे त्यांना. कुत्री परत येतील. आणि कळप मी विकणार नाही."

तारवाला गाडीतून जाळी घेऊन ओहोळात उतरला. दुखरा गुडघा चिखलात टेकून त्याने खुंट्या ठोकायला घेतल्या. जाळीचं दुसरं टोक वर उचललं गेलं, तेव्हा त्याला बाई आल्याचं कळलं. तिने टोक घट्ट धरून ठेवलं. दगड रचून होईपर्यंत तिने ते सोडलं नाही.

काम झाल्यावर तिने जाळीवर पाय रोवून सगळा भार टाकला. जाळी हलली नाही. तरी ती थांबली नाही. पुढच्या खांबाशी गेली, दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला, वाकून जाळीच्या बुडाची माती बोटांनी चाचपली. मग त्याच्या पुढचा खांब. मग त्याच्याही पुढचा.

आपलं काम असं कुणी तपासलेलं तारवाल्याने आजवर खपवून घेतलं नव्हतं. पक्कड हातात धरून तो तिच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालत राहिला, आणि ती जिथे थांबेल तिथे थांबत राहिला.