मी सैल झाले, झाडं वाढत होती

मित्रांनो, मी झाडं मोजणारी एक जुनी कापडी टेप आहे. मलकपेठच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या खणात, संपलेले सेल आणि लसीकरणाचं कार्ड यांच्यामध्ये मी कोंबलेली होते. माझं सगळं अंग एका गोल डबीत गुंडाळलेलं. कुणी ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि ओढलं तरी आकड्यांशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. माझे आकडे चुकत होते. मला ते कळत होतं, सांगता मात्र येत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी या फ्लॅटमधल्या माधवीने मला शहरातल्या कोठी भागातल्या बाजारातून आणलं. तेव्हा मी कडक होते, अचूक होते. नामपल्लीतल्या तिच्या ऑफिसकडे एक मोठं काम होतं. सह्याद्रीच्या माथ्यावरचं एक सदाहरित जंगल तिथल्या गावाने तीस वर्षं तोडायचं नाही आणि त्याबदल्यात गावाला पैसे मिळतील, असा कार्यक्रम ठरला होता. झाडं हवेतला कर्ब ओढून घेतात आणि आपल्या खोडात साठवतात. खोड किती जाड झालं यावरून किती कर्ब साठला ते कळतं. ते मोजायचं काम माझं.

गावचा भिवाजी मला खोडाभोवती गुंडाळायचा आणि माधवी आकडा लिहायची. तिचा एक कडक नियम होता: तेच झाड, तीच खूण, तीच टेप. टेप बदलली तर जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसणार नाही, असं तिला वाटायचं. म्हणून दर तीन वर्षांनी मीच जायचे. पावसाने चिंब व्हायचे, ताणली जायचे, तशीच ओली डबीत शिरायचे. हळूहळू माझे धागे सैल झाले. मी लांबले, मित्रांनो. आणि टेप लांबली की रेघा दूर दूर जातात, आकडा कमी येतो.

यंदा एकेचाळीस नंबरच्या झाडाला माझी मिठी पडली, तेव्हा मी दीडशे सेंटिमीटर दाखवले. नऊ वर्षांपूर्वीही दीडशेच होते. भिवाजीने खोडाला दोन्ही हात घालून पाहिले; बोटं जुळेनात.

"बाय, ह्या झाड माझ्या मिठीत गावायचां. आता गावना नाय."

माधवी हसली, तिने दीडशे लिहिले. बाकीची झाडंही तशीच निघाली. जंगल वाढतच नाही, असा अहवाल तयार होत आला. सोमवारी तो पुढे गेला की जंगल कार्यक्रमातून बाहेर पडणार होतं, आणि ते तोडून तिथे रबराची झाडं लावायला माणसं टपलेलीच होती. अहवाल घरूनच पुरा करायचा म्हणून माधवीने मला घरी आणलं आणि खणात टाकलं. अंधारात मी करवतीचा आवाज कल्पत राहिले.

शुक्रवारी सकाळी माधवीने मला बाहेर काढलं, ते आपल्या लेकीची, प्रियूची उंची मोजायला. सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यात चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरली होती. मीही चौऱ्याण्णवच दाखवले. माधवीचा चेहरा उतरला. आपण कामात असतो, लेकरू नीट जेवत नाही, असं ती स्वतःलाच बोल लावू लागली. तिची सासू, सखूआजी, भाजी निवडत बसली होती.

"लेकरू वाढंना म्हणतीस, मग फ्रॉक गुडघ्याच्या वर कसा गेला? तुझी टेपच खोटं बोलायली, हौ."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते बोललं होतं.

तरी माधवी लेकीला घेऊन कोठीच्या दवाखान्यात गेली. तिथे प्रियू साडेपंच्याण्णव भरली. घरी येऊन माधवीने मला फरशीवर पसरलं आणि शेजारी पोलादी टेप ठेवली. माझ्या शंभराच्या रेघेपाशी ती टेप एकशे एक पूर्णांक पाच दाखवत होती.  मग तिने भिवाजीला फोन लावला आणि आधी त्याची माफी मागितली.

ऑफिसात तिच्या वरिष्ठांनी, उदय सरांनी, कपाळाला हात लावला. नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, असं लिहायचं का, म्हणाले.

"हो सर. आणि माझ्या हट्टामुळे, असंही लिहायचं."

अहवाल थांबला. पोलादी टेप घेऊन सगळी झाडं पुन्हा मोजली. एकेचाळीस नंबरचं झाड एकशे बावन्नच्या वर गेलं होतं. जंगल राहिलं.

मी आता नामपल्लीच्या कपाटात, सीलबंद पाकिटात आहे. कार्यक्रमाची उरलेली एकवीस वर्षं मला इथेच काढायची आहेत, कारण चूक कुठे झाली हे दाखवणारी मीच एकटी. जागा खणापेक्षाही अरुंद आहे. पण पाकिटावर माधवीच्या अक्षरात लिहिलंय: 'ही टेप मीटरमागे दीड सेंटिमीटर सैल आहे.' मला जे नऊ वर्षं सांगता आलं नाही, ते आता पाकीट न उघडताही कुणालाही वाचता येतं.

मित्रांनो, कुणी वाढत नाही असं वाटलं, तर त्याला बोल लावण्याआधी आपली टेप तपासा. आणि ती सैल निघाली, तर गुपचूप फेकून देऊ नका. तिच्यावर तसं लिहून ठेवा.