मेणावरचा निळा रंग

कडूबा गेला त्याच महिन्यात त्याचे साचे घरातून नाहीसे झाले. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या धडाचे ते साचे. एमआयडीसीतली नोकरी सांभाळून त्यानं सागवानी ठोकळ्यातून आधी धड कोरलं होतं आणि त्यावरून ते साचे काढले होते. त्यातून फायबरची धडं निघायची आणि त्याची बायको चतुराबाई ती रंगवायची.

तिनं बद्रीनाथला विचारलं. तो कडूबाचा जोडीदार; रविवारी दोघं मिळून पडेगावच्या माळावर विमानं उडवायचे.

"साचे? मला काय माहीत, वहिनी?" तो म्हणाला. "भंगारवाल्यानं नेले असतील. आन् तसं बघितलं तर कडूबाच्या विमानात दम कुठं होता?"

ते शेवटचं वाक्य तिला लागलं, पण तिनं विश्वास ठेवला. पुढं ती क्रांती चौकाजवळच्या एका गॅरेजात गाड्यांचे बंपर रंगवू लागली.

वर्ष उलटून गेल्यावर बद्रीनाथ स्वतःच तिच्या दारात आला. काखेत फायबरचं कोरं धड, पिशवीत इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण.

"माझं स्वतःचं डिझाइन हाय, वहिनी. विमानांच्या मेळाव्यात उडवायचंय. रंग तुमच्याच हातचा पाहिजे."

तिनं धड हातात घेतलं. शेपटी बदललेली होती. पण नाकाखाली बोट फिरवलं आणि खाच लागली. ठोकळा कोरताना कडूबाची पटाशी तिथं घसरली होती. तेव्हापासून साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक धडावर ती खाच यायची, आणि प्रत्येक वेळी चतुराबाईच ती लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून काढायची.

तिचे कान तापले. बद्रीनाथ ओट्यावर बसून चहा पीत होता.

"ठेवा," ती म्हणाली. "चांगलं करते."

विमान पाडायचा विचार तिच्या मनात आला होता. पण माळावर लेकरंबाळं उभी असतात. शिवाय पडलं असतं तर बद्रीनाथनं वाऱ्याला दोष दिला असता आणि सुटला असता. त्याला सुटू द्यायचं नव्हतं.

तिनं आधी सगळं नीट केलं. धड सुटावं म्हणून साच्याला लावलेलं मेण फायबरला चिकटून येतं, ते साबणाच्या पाण्यानं धुतलं. खाच भरली, धड पॉलिश पेपरनं घोटलं, प्रायमर मारला. तो वाळल्यावर दोन्ही बाजूंना लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं : कडूबा. ती अक्षरं तिनं कडक होऊ दिली. मग त्यावर मेण चोळलं आणि निळा रंग फवारला. मेणावर रंग धरत नाही, फाटतो, म्हणून आधी धूर सोडल्यासारखे हलके हात दिले. धड आरशासारखं चमकू लागलं.

प्लास्टिकचं झाकण मात्र तिनं इमानदारीनं रंगवलं. त्या झाकणानं तिचं काही बिघडवलं नव्हतं.

"या बरं का बघायला," विमान नेताना बद्रीनाथ म्हणाला.

"येते की."

मेळावा वेरूळ रस्त्यावरच्या मोकळ्या माळावर भरला होता. बद्रीनाथचं विमान देखणं उडालं. गिरक्या घेतल्या, उलटं चाललं, अलगद उतरलं. टाळ्या पडल्या. चतुराबाईलाही क्षणभर ते सुंदर वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

इंजिनाच्या तेलानं धड माखलं होतं. फोटोवाला आला तसं बद्रीनाथनं फडकं घेतलं आणि खसाखसा पुसलं. निळा रंग सायीसारखा फडक्यावर आला. त्यानं गडबडीनं आणखी पुसलं. आणखी निघाला.

माळावरचे सगळ्यांत जुने खेळाडू चांदपाशा जवळच उभे होते. त्यांनी खाली वाकून वाचलं.

"कडूबा? ये क्या है, बद्री?"

"ते... रंगात काहीतरी..."

"त्यांचंच नाव हाय," चतुराबाई पुढं येऊन म्हणाली. "विमानबी त्यांचंच हाय. नाकाखाली पटाशी घसरल्याची खाच हाय, लांबी खरवडून बघा. साचे ह्या बद्रीभाऊंनी चोरले."

चांदपाशांनी बद्रीनाथकडं बघितलं. "सच बोल."

बद्रीनाथनं फडक्यानं ते नाव झाकू पाहिलं. लोकांना तेवढं पुरलं. फोटोवाल्यानं फोटो काढला तो त्या लाल नावाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथ साचे घेऊन आला आणि दारात ठेवून उभा राहिला.

"चार लोकांत माझी इज्जत घालवली तुम्ही. आता तरी मिटलं ना, वहिनी?"

"कधी नेले होते?"

तो खाली बघत म्हणाला, "तेराव्याला. तुम्ही पंगत वाढत होत्या तेव्हा."

"मी तुम्हाला आग्रह करून वाढलं होतं, बद्रीभाऊ."

"व्हय."

"मग नाय मिटलं."

तिनं साचे आत ओढले आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. राग अजून गेला नव्हता. पण लई दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती. तिनं तवा ठेवला, भाकरी थापली आणि उभ्या उभ्याच गरम गरम खाल्ली.