फूट पाडणारा साबण

फोन ठेवला आणि साबणवाली जागच्या जागी उडालीच.

"अहो, ऐकलंत का? दुकानवाल्या बाई म्हणाल्या, तुमचा साबण फार डिसायसिव्ह आहे! संध्याकाळी कळवतो म्हणाल्या."

"म्हणजे निर्णायक! गंगेत घोडं न्हालं!" नवऱ्याने हातातला साचा टेबलावर आपटला.

दुकानात नमुना म्हणून दिलेली, कडू संत्र्याच्या सालीचा आणि जळक्या लाकडाचा वास असलेली ही वडी तिने हट्टाने केली होती. नवरा म्हणत होता, वास जरा सौम्य कर. तिने ऐकलं नव्हतं.

खुर्चीत पेपर तपासत बसलेली नणंद इंग्रजी शिकवायची. तिने पेन थांबवलं. "वहिनी, शब्द नीट आठव. डिसायसिव्ह की डिव्हायसिव्ह?"

"डि... व्हाय... हो गं, व्हायच!"

"मग अर्थ वेगळा. फूट पाडणारा. ज्याच्यावरून माणसांचे दोन तट पडतात असा."

नवऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे नापास."

"नाही रे दादा! वाईट वस्तूवरून कोण भांडतं? तिथे सगळेच नाक मुरडतात. डिव्हायसिव्ह पुढारी म्हणजे निम्मे त्याला डोक्यावर घेतात आणि निम्मे त्याचं तोंड बघत नाहीत."

साबणवालीने तडक एक वडी उचलली आणि स्वयंपाकघर गाठलं.

"अगं बाई, काय करपलं?" सासूबाई किंचाळल्या.

"करपलं कुठे? काय झकास वास आहे!" सासऱ्यांनी वडी हिसकावून घेतली. "ही माझी."

"घरात ठेवलीत तर मी माहेरी जाईन!"

"खुशाल जा, साबण राहील!"

दोघांची अशी जुंपली की साबणवालीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय! तिने फोन लावला.

"बाई, खरं सांगा, तुमच्याकडे भांडण झालं ना?"

पलीकडून हसू फुटलं. "अजून चाललंय! माझी भागीदारीण म्हणते, हा दुकानात नको. मी घरी नेलेली वडी तर झिजत आली. शेवटी ठरवलं, दर्शनी खिडकीत मांडायचा. गिऱ्हाइकांनाही भांडू दे. फक्त एक अट आहे."

"कोणती?"

"वास तसूभरही कमी करायचा नाही."

साबणवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो संत्र्याच्या सालींची टोपली ओढून पुढ्यात घेत होता.