दसऱ्याच्या पूजेतलं ग्राफिक्स कार्ड

"हे तुमचं कार्ड घ्या आणि आमचे पैसे परत द्या," हौसाबाईंनी कोपरीतल्या कॉम्प्युटरच्या छोट्या दुकानाच्या काउंटरवर पिशवी ठेवली.

सून विनिता मागे उभी होती. बोलायचं खरं तिने होतं. रिक्षात सगळी वाक्यं घोकूनही ठेवली होती, पण सासूबाईंपुढे कोणाची पाळी येते?

मोहन्यातल्या घरी बसून विनिता बिल्डरांना, अजून पायाही न खणलेल्या फ्लॅटची चित्रं करून द्यायची. सोफा, पडदे, बाल्कनीत तुळस, सगळं कॉम्प्युटरवर. जुन्या मशीनवर एका चित्राला अख्खी दुपार जायची. हौसाबाईंचा भिशीचा नंबर लागला, तेव्हा तीन वर्षं मनात असलेल्या बांगड्या बाजूला ठेवून त्यांनी ते पैसे सुनेच्या हातात दिले. त्यातून हे ग्राफिक्स कार्ड आलं, तेही नेमकं दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

सासरे गेल्यापासून हौसाबाई हळदकुंकवाच्या ताटाला हात लावत नव्हत्या. कोणी बंदी घातली नव्हती. त्यांनी स्वतःच स्वतःला घातली होती. पण यंदा विनिता हटूनच बसली. "पैसे तुमचे, पूजाही तुम्हीच करायची." पाटावर उघडं कार्ड, पंखे वर करून ठेवलेलं. हौसाबाईंनी कुंकू लावलं आणि चार वर्षं साठवलेल्या हौसेने ओंजळभर अक्षता टाकल्या.

चौथ्या दिवसापासून काम जरा रंगात आलं की स्क्रीन काळी. विनिताने ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, केबल बदलली, कार्डाच्या पिना खोडरबराने पुसल्या. काही फरक नाही. बिल्डरचा रोज फोन. आणि हौसाबाई देवाजवळ बसून पुटपुटायच्या, "तरी मी सांगत होते, माझा हात नको." हे ऐकलं की विनिताचा जीव तुटायचा. पैसे परत मिळाले, दुकानदाराने 'माल खराब होता' एवढं म्हटलं, की सासूबाईंच्या मनातली ही शंका जाईल, एवढ्यासाठीच ती त्यांना बरोबर घेऊन आली होती.

दुकानदार आनंद पन्नाशीचा, सावकाश माणूस. त्याने कार्ड उलटं केलं आणि बोटाने एकेक पंखा फिरवला. दोन फिरले, तिसरा अडला. चिमटा आत गेला आणि बाहेर आला तो तांदळाचा एक दाणा घेऊन. लालचुटुक.

पूजेतली अक्षता विनिताने लगेच ओळखली. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा आपल्याच! आता हा माणूस हसणार, 'हे काय घातलंत आत?' विचारणार, आणि सासूबाई पुन्हा कधी ताटाला हात लावणार नाहीत.

आनंदने दाण्याकडे पाहिलं. मग हौसाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. आणि मूठ मिटली.

"पंखा अडकलेला, मावशी. म्हणून तापून बंद पडायचं. देताना मी नीट बघायला पाहिजे होतं. पैसे पाहिजेत तर परत देतो."

"द्यायलाच पाहिजेत!" हौसाबाई म्हणाल्या.

"नको, दादा," विनिता घाईने म्हणाली. "साफ करून चालवून दाखवा, बस."

तासभर कार्ड चाललं. हौसाबाई तासभर त्याला माल तपासून द्यावा कसा, हे शिकवत होत्या आणि तो मान डोलावत होता. निघताना विनिता दोन पावलं मागे वळली. "दादा, तुमचे उपकार..."

"अहो ताई, आमच्या आईने नव्या प्रिंटरवर नारळ फोडलेला," आनंद हळूच म्हणाला. "जावा तुम्ही."

घरी कार्ड बसलं, स्क्रीन उजळली, संध्याकाळपर्यंत एकदाही काळी पडली नाही. विनिताने हळदकुंकवाचं ताट आणून सासूबाईंपुढे धरलं. मुद्दाम अक्षता ठेवल्या नव्हत्या.

"अक्षता कुठायत?" हौसाबाईंनी विचारलं.

विनिता गडबडली. "संपल्यात, आई."

"अगं, त्या माणसाने मूठ मिटली तेव्हा मी समोरच उभी होते. मोतीबिंदू काढलाय ना माझा, विसरलीस?"

विनिताचा चेहरा उतरला. पण हौसाबाई चक्क हसत होत्या. "एवढे दिवस मला वाटत होतं, माझा हातच वाईट. आणि निघालं काय, तर एक तांदूळ! तांदूळ काय, कोणाच्याही हातून पडतो."

"मग तिथे बोलला का नाहीत? उलट त्यालाच झापत होतात!"

"त्याने एवढ्या मायेने मूठ मिटली, ती मी कशाला उघडू? भला माणूस गं. दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा त्याच्या दुकानात नेऊन द्यायचा, माझ्या हातचा."

मग त्या उठल्या, डब्यातून चिमूटभर तांदूळ घेतले, कुंकवात घोळवले. विनिताने धसकून कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"त्याला नाही," हौसाबाई म्हणाल्या. "तू वाक."